मोहखिंडीची हाक

१

गिरजाबाईनं मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला तेव्हा तिच्या नवऱ्याच्या तापाचा अठरावा दिवस होता. वैद्यबुवांनी सांगून ठेवलं होतं, एकवीस दिवस निघाले तर माणूस तुमचा. गिरजानं पहाटे आंघोळ केली, ओल्या केसांनी तुळशीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, यायले उठून बसू दे. पाच श्रावण मुके सोमवार धरीन. आंघोळीपासून दिवेलागणीलोक तोंडातून शब्द काढनार नाई."

विसाव्या दिवशी लटारूनं डोळे उघडले आणि पेज मागितली. आता सांगा बायांनो, असा नवस कोण मोडेल?

पहिला श्रावण गावीच झाला. त्यानंतर लटारूला रेल्वेत फाटकवाल्याची नोकरी लागली आणि दोघं मोहखिंडीच्या फाटकावर राहायला आली. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. छोट्या लाईनची गाडी जंगलातून धापा टाकत डोंगर चढायची. माथ्यावर फाटक होतं, फाटकाला लागून खिंड. कोण्या जमान्यात सुरुंग लावून फोडलेला तो कातळ दोन्ही अंगांनी इतका जवळ होता, की गाडी आत असताना माणसाला अंग चोरायलाही जागा नव्हती. मधोमध वळण होतं, त्यामुळे या तोंडातून ते तोंड दिसत नसे. माथ्यावर आली की गाडी वाफ बंद करी आणि खिंडीतून उतारावर गप घरंगळत जाई. फाटकाशी बांबूच्या बैलगाड्या थांबलेल्या असल्या तर ड्रायव्हर शिटीही देत नसे, कारण बैल बुजत.

आधीच्या फाटकवाल्याची बायको सुगंधाबाई. तिनं निघताना गिरजाच्या हाती एकेक वस्तू सोपवली. दोन झेंडे, कंदील, फाटकाची किल्ली. मग म्हणाली, "आन् हे हाक."

"हाक?"

"गाडी याच्या आंधी खिंडीच्या तोंडाशी उभं राहाचं. तीनदा इचाराचं, खिंडीत कोन हाय? जवाब आला तं लाल झेंडा, मानूस भाईर येईलोक. नाई आला तं हिरवा. सायबाच्या पुस्तकात हे नाई सापडत, बाई. माह्या सासूनं मले देल्लं, मी तुले देऊन राह्यली. झेंडा हरपला तं दुसरा भेटते. हे हरपू नोको."

त्या दुपारी गिरजानं पहिल्यांदा हाक दिली. खिंडीनं तिचे शेवटचे शब्द दोनदा परत केले. कोन हाय, कोन हाय. गिरजाला हसू आलं. खिंडीत कुणी नव्हतं, तिचाच आवाज होता.

२

खिंडीतून रोज येणारं एकच माणूस होतं. चैतू चावीवाला. पलीकडच्या उतारावर त्याची झोपडी. रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या का बघत, हातोड्यानं ठोकत तो चालत यायचा. टण्. टण्. तो आवाज खिंडीत शिरला की गिरजा माठातलं पाणी तांब्यात काढून ठेवी. हाक गेली की आतून जवाब येई, "मी हाय जी, मी!" आणि मागोमाग चैतू.

ओसरीवर चढताना तो चपला काढायचा. टायरच्या चपला, डाव्या पायाचा अंगठा तारेनं बांधलेला. दोन्ही जोडीनं लावून तोंड बाहेर करून ठेवायचा.

"अशा उलट्या काऊन ठेवतं रे?" लटारू विचारायचा.

"जाच्या वाटेकडं तोंड करून ठेवाच्या, भाऊ. मंग जाताना शोधा लागत नाई. पाय घातले का चाललं!"

श्रावणातल्या सोमवारी गिरजा मुकी असायची. हाक लटारू द्यायचा. घरामागच्या मोहाखाली तिनं महादेवाची पिंड मांडली होती. दुपारची पूजा झाली की ती पितळेची थाळी वाजवायची. चैतूला ते भारी गमतीचं वाटे.

"काय वयनी, आज बी मुकी काय? बरं बाप्पा, मंग आज दोघांचंबी मीच बोलतो. चैतू, पानी घेनं जी. हो वयनी, घेतो जी. भाकर खातं काय रे? आता तुमी मनताच तं द्या." आणि गिरजा पदर तोंडाला लावून हसायची. हसण्यात शब्द नसतो, म्हणून व्रत मोडत नाही, अशी तिनं मनाशी सोय करून घेतली होती.

एक मात्र होतं. थाळीचा आवाज कानी पडला की चैतू असेल तिथं थांबायचा, पायातलं काढायचा आणि हात जोडून डोळे मिटायचा. देवाचं काम चालू असताना पायात वहाण कशी ठेवायची, एवढंच त्याला माहीत होतं.

३

तिसरा श्रावण. दुसरा सोमवार.

कंदिलाचं घासलेट संपलं होतं. लटारू सकाळीच स्टेशनावर गेला. "गाडीच्या आत येतो," म्हणून गेला, पण खालच्या नाल्याला पूर आला आणि तो पलीकडेच अडकला.

घाटात गाडीची धाप ऐकू यायला लागली तेव्हा फाटकावर गिरजा एकटी होती. पावसाची झिमझिम चालू होती. चार बैलगाड्या फाटकाशी थांबलेल्या. ती दोन्ही झेंडे घेऊन खिंडीच्या तोंडाशी गेली. टण्‌टण् ऐकू येत नव्हतं. चैतू पावसामुळे पलीकडेच थांबला असेल, की आत असेल?

तिनं हाक द्यायला तोंड उघडलं.

तीनच शब्द होते. पण तिच्या डोळ्यांपुढे आलं तापानं काळवंडलेलं तोंड आणि एकविसाचा आकडा. लटारू तेव्हा पुराच्या काठावर उभा होता, हेही तिला गाडीवानांकडून कळलं होतं. नवऱ्याच्या जिवाचा नवस, आणि तो पाण्याशी. तिनं तोंड मिटलं.

ती धावत गेली, पिंडीपुढची थाळी उचलून आणली आणि खिंडीकडे तोंड करून वाजवली. जोरात वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. चैतू आत असेल तर ऐकून ओ देईल, असं तिला वाटलं.

आतून ओ आली नाही.

तिनं हिरवा झेंडा धरला. गाडी माथ्यावर आली, वाफ बंद झाली. बैलांकडे बघून ड्रायव्हरनं शिटी दिली नाही. डबे एकामागून एक खिंडीत शिरले.

मग लोखंड लोखंडावर घासल्याचा लांबलचक आवाज आला.

४

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की चावीवाल्यानं गाडीची वेळ सांभाळली नाही. नोकरी जाऊ नये म्हणून लटारूनं सांगितलं, फाटकावर मीच होतो, हाक दिली होती, जवाब आला नाही. गिरजाला त्यानं काहीच विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

चार दिवसांनी चैतूची बायको सुकरी त्याचा हातोडा न्यायला आली. ओसरीच्या कडेला टेकली. तिच्या पदरात त्या चपला होत्या. कुठे खरचटल्याही नव्हत्या.

"रुळाच्या बाजूनं भेटल्या," ती म्हणाली. "जोडीनं ठेवल्या होत्या. तोंड इकडं, फाटकाकडं. बाई, गाडी येऊन राह्यली आन् मानूस चपला काऊन काढते जी?"

गिरजाचे हात तांदळाच्या सुपात होते. तिला त्याच क्षणी कळलं. हाक आली नाही म्हणजे गाडी नाही, असं चैतूनं धरलं असणार. थाळी वाजली म्हणजे वयनीची आरती. त्यानं चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले, आणि आरती संपायची वाट बघत उभा राहिला.

त्या दिवशी सोमवार नव्हता. तोंडाला कुलूप नव्हतं. तरी गिरजा एवढंच म्हणाली, "का मालूम, बाई."

 सुकरी चपला पदरात गुंडाळून उठली.

दुसऱ्या दिवशी गिरजानं थाळी नेली आणि गावच्या बोडीत, जिथं पाणी खोल होतं, तिथं सोडून दिली. हलत हलत ती हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली. उरलेले सोमवार तिनं पूजेला ताटही न वाजवता काढले. त्या सोमवारी लटारू फाटक सोडून कुठं गेला नाही.

५

श्रावण सरला, आणि पुढं एकही हाक गिरजानं लटारूला देऊ दिली नाही.

दिवाळी झाली आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं, खिंड हाक परत करत नाही. तिनं विचारलं, "खिंडीत कोन हाय?" शब्द आत गेले आणि आतच राहिले. तिनं स्वतःला समजावलं. पावसाळ्यात कातळावर वेली माजल्या, आवाज पानांत अडकत असेल.

आठ दिवसांनी गाडी निघून गेल्यावर ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. खिंडीतून तिचाच आवाज आला. कोन हाय, कोन हाय.

तिनं सूप खाली ठेवलं. गुराखी नकला करत असतील. ती खिंडीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. गुरं नव्हती, गुराखी नव्हता. रुळांवर ऊन पडलेलं होतं.

मग ते रोजचं झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण कान तिकडे लागायचे. रोज थोडा उशीर. आधी तांदूळ निवडताना, मग भांडी घासताना. पौषात ऊन ओसरीवरून उतरायचं तेव्हा. माघात ती सांजवात लावायची तेव्हा. दुपारी दिलेली हाक खिंड संध्याकाळी परत करायची, जशी एखादी बाई उसनं नेलेलं भांडं उशिरा पण न चुकता आणून देते. फाल्गुनात ती आलीच नाही, किंवा गिरजा झोपेत असताना आली असेल. चैत्रात ती सकाळी आली, सडा टाकताना.

गिरजा साधी बाई होती, पण खुळी नव्हती. तिनं मनाशी नीट मांडून पाहिलं. डोंगरात आवाज फिरतो, हे खरं. पण आदल्या दुपारचा आवाज दुसऱ्या सकाळपर्यंत कुठं फिरत असेल? एवढा वेळ तो कोण धरून ठेवत असेल?

आषाढात एका दुपारी ती आणि लटारू दोघंही फाटकावर होती. गाडीची वेळ झाली होती. गिरजा खिंडीच्या तोंडाशी गेली, श्वास घेतला, आणि आतून आलं, कोन हाय, कोन हाय.

तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलं काय जी?"

"काय?"

"माही हाक."

लटारू हसला. "तू अजून देल्लीच कुठी?"

६

श्रावण लागला. नवसाचा चौथा.

चैतूच्या जागी नवा चावीवाला अजून आला नव्हता. रेल्वेच्या मिस्त्रीनं लटारूला हुकूम केला, तोवर खिंडीतल्या चाव्या तूच बघ. पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी गिरजा नवऱ्यामागे लागली.

"उद्या खिंडीत जाऊ नोका."

"पावसात चाव्या ढिल्या होते, गिरजे. गाडी उलथली तं? बाराच्या आत भाईर पडतो. गाडी साडेबाराची हाय."

"मी मुकी राहीन. हाक कोन देईन?"

"मनून तं आधीच भाईर येतो मनलं ना. लय वाटलं तं थाळी वाजव."

"थाळी बोडीत हाय," ती म्हणाली.

"बोडीत?" काहीतरी विचारावं असं लटारूच्या तोंडावर आलं होतं. मग म्हणाला, "जाऊ दे. मी येतो वेळेत."

सोमवारी आंघोळीनंतर ती मुकी झाली. लटारू हातोडा घेऊन खिंडीत शिरला. मऊ ऊन होतं, मधूनच बारीक पाऊस. टण्. टण्. ती ओसरीवर बसून ऐकत राहिली. टण्, आणि त्याच्या किंचित मागून आणखी एक टण्. कातळावरून येत असेल, तिनं मनाशी म्हटलं. गेल्या दिवाळीपासून हा कातळ काहीच वेळेवर परत करत नव्हता, हेही तिला आठवलं.

मग दोन्ही आवाज थांबले.

बारा झाले. लटारू बाहेर आला नाही. खाली घाटात गाडीची धाप सुरू झाली. गिरजा झेंडे घेऊन धावली. खिंडीच्या तोंडाशी थंड हवा येत होती आणि आत काहीच हलत नव्हतं. वेलीवरून पाणी टपकत होतं, बस.

ती हाक द्यायला उभी राहिली, मुक्या तोंडानं.

आणि हाक आली.

"फाटकावर कोन हाय?"

तो आवाज तिचा नव्हता. दोन वर्षं तिनं त्या आवाजाला पाणी दिलं होतं. त्यात राग नव्हता. घरातल्यानं घरातल्याला विचारावं तसा होता.

गाडी शेवटच्या चढावर आली होती.

"फाटकावर कोन हाय?"

बोललं की नवस मोडला. ज्याच्यासाठी चार श्रावण जीभ बांधली, तो त्या कातळाच्या पोटात होता. देव वर बसून मोजत असेल. आणि आतलं जे होतं, ते वाट बघत होतं. घाई नसल्यासारखं.

तिसऱ्यांदा आवाज अगदी वळणाशी आला.

"फाटकावर कोन हाय, वयनी? आज बी मुकी काय?"

"मी हाय!" गिरजा किंचाळली. "मी हाय, गिरजा! गाडी आली! भाईर या, अवो, भाईर या!" तिनं लाल झेंडा दोन्ही हातांनी उंच धरला, आणि ओरडतच राहिली, घसा फाटेपर्यंत. गाडी फाटकाशी कचकचत थांबली.

वळणावरून लटारू बाहेर आला. सावकाश, झोपेतून उठल्यासारखा. हातोडा हातात होता. पाय अनवाणी होते.

"बंद काऊन केली व?" तो म्हणाला. "आरती झाली काय?"

गिरजा त्याच्या पायांकडे बघत होती.

"तूच वाजवून राह्यली होतीस ना थाळी?" लटारू म्हणाला. "इतकी मोठी वाजत होती, जशी माह्या उशाशीच. मनलं देवाचं हाय. चपला काढल्या, हात जोडले. डोये मिटले तं उघडावंसंच वाटत नोतं. थांब, चपला राहिल्या." तो परत वळला.

तिनं त्याचा दंड धरला. नखं रुतेपर्यंत धरला. आणि त्याच्या खांद्यावरून तिला खिंडीत दिसलं.

वळणापाशी, रुळाच्या कडेला, लटारूच्या चपला. त्यांच्याशेजारी दोन उघडे पाय. चिखलानं माखलेले, बोटं तिच्याकडे. गुडघ्यांच्या वर वेली लोंबत होत्या, आणि वेलींच्या आत काय होतं ते तिनं पाहिलं नाही. एक हात मात्र खाली आला, आणि चपलांची जोडी उचलून फिरवून ठेवली.

मागून ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई! गाडी सोडता का इथीच मुक्काम करू?"

तिनं डोळे मिटले, उघडले. रूळ होते, चपला होत्या. तिनं मोकळ्या तोंडानं तीनदा विचारलं, "खिंडीत कोन हाय?"

जवाब आला नाही. खिंडीनं फक्त तिचे शब्द परत केले, लगेच, दोनदा, पूर्वीसारखे.

गाडी गेल्यावर लटारू चपला घेऊन आला. "मी तं आतल्या अंगाला तोंड करून काढल्या होत्या," तो म्हणाला. "कोन फिरवल्या?"

७

दुसऱ्या दिवशी गिरजा खिंड ओलांडून सुकरीच्या झोपडीत गेली. बसली आणि सगळं सांगितलं. थाळी, हिरवा झेंडा, सुपातले तांदूळ, का मालूम बाई. काही राखलं नाही.

सुकरी वाळलेली मोहाची फुलं निवडत होती. तिचे हात थांबले. रडेल, हात उगारेल, असं गिरजाला वाटलं. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"मंग तो जीव द्याले उभा नोता," सुकरी म्हणाली.

"नाई व बाई."

"चपला काढून जोडीनं ठेवते ना, जीव देनारा. सारं गाव तेच मनते. माह्याशी भांडून गेला होता सकाळी, साध्या मिठावून. मी वर्षभर..." तिनं फुलांची टोपली बाजूला सारली. "वर्षभर मले वाटे, माह्याच्यानं गेला. चार दिवसांनी आली होती मी तुह्या दारी. तवा एक शब्द बोलली असतीस, बाई. एकच."

गिरजा उठली.

निघताना सुकरी दारापर्यंतही आली नाही. पण गिरजाला बाहेर स्वतःच्या चपला दिसल्या. कुणीतरी फिरवून ठेवल्या होत्या, तोंड जायच्या वाटेकडे. सुकरीनं की कुणी, ते तिनं विचारलं नाही. पाय घातले आणि चालू लागली.

बायांनो, नवस मोडला. गिरजा ते वर्षभर नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून बघायची, ताप आहे का. त्या वर्षी लटारूला साधं पडसंही झालं नाही. देव मोजत बसला नव्हता. मोजत होतो ते आपणच. तरी खिंडीच्या त्या बाजूला एक चूल थंडच राहिली, आणि ती कुठल्या व्रतानं पेटत नाही.

पाचव्या श्रावणापासून गिरजानं दुसरं व्रत धरलं. सोमवारी दुपारी उपाशीपोटी उंबऱ्यात उभं राहायचं, मोठ्यानं तीनदा विचारायचं, कोन हाय? आणि जवाबाला जागा ठेवून थांबायचं. शिवाय ज्याचा शब्द आपल्या पोटात अडकला असेल, त्याच्या दारी त्याच दिवशी जाऊन तो देऊन यायचा.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. पूजा करा, उपास करा, थाळीही वाजवा. पण या सोमवारी तुम्हीही उंबऱ्यात या आणि हाक द्या. कधी मोहखिंडीवरून गेलात आणि आतून थाळी ऐकू आली, तर चपला काढू नका. कुणी विचारलं, फाटकावर कोन हाय, तर भिऊ नका. आपलं नाव सांगा.